शुक्रवारी आलेले साहेब

आत्याच्या घरी कुकरच्या शिट्ट्या फक्त शुक्रवारी मोजता येत. इतर सहा दिवस भिंतीपलीकडच्या कापडाच्या कारखान्यातले लूम चालू असत आणि भात वासावर उतरवला जाई. तो कधी फडफडीत होई, कधी गिचका, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नसे. भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत फळीवरचे पेले दिवसभर हादऱ्याने सूतसूत पुढे सरकत. संध्याकाळी आत्या ते एकेक करून मागे ढकलून ठेवी. शुक्रवारी लूमना सुट्टी असे, गल्ली गप्प होई, आणि आत्या वालाचं बिरडं करायला घेई. ते नेमकं शिजावं लागतं, एरवीच्या दिवशी त्याचा भरवसा नाही, असं तिचं म्हणणं. काका न्यायालयात कारकून होते. ते शुक्रवारी जेवताना एखादं वाक्य बोलत, आणि ते ऐकू येई.

मी अकलोलीची. वडील तिथे टपालाचं काम बघत, घर गरम पाण्याच्या कुंडांपासून हाकेच्या अंतरावर होतं, आणि घरातला आवाज अंगणाबाहेर जाता कामा नये असा आईचा नियम होता. मुलींना तो दुप्पट लागू होता. डी.एड. झाल्यावर भिवंडीतल्या एका सात इयत्तांच्या मराठी शाळेत पाचवीच्या वर्गावर माझी नेमणूक झाली, तेव्हा माझं वय वीस होतं आणि माझा आवाज टेबलाच्या पलीकडे जात नव्हता. शाळेच्या तिन्ही बाजूंना कारखाने होते. पहिल्या दिवशी मी मुलांना माझं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी असं लक्षात आलं की पुढच्या दोन बाकांनाच ते माहीत आहे. मधल्या बाकांनी अंदाजाने एक वेगळं नाव धरलं होतं, आणि मागच्या बाकांना मी काही बोलले हेच ठाऊक नव्हतं.

शाळेने या आवाजाशी आपल्या पद्धतीने जुळवून घेतलं होतं. वेळापत्रक भिंतीवर टांगलेलं असे ते वेगळं आणि चालत असे ते वेगळं. श्रुतलेखन, कविता, पाठांतर, तोंडी हिशेब हे सगळं शुक्रवारी. नकाशे, लेखी गणितं, शिवण, चित्रकला हे लूमच्या दिवशी. वही काढा, पाटी पुसा, रांगेत या, यांसाठी हाताच्या खुणा ठरलेल्या होत्या आणि त्या पहिलीपासून सातवीपर्यंत एकच होत्या. उरलेलं काम आवाजाने व्हायचं. शिक्षक वर्षानुवर्षं त्या खडखडाटाच्या वरच्या पट्टीत बोलत आले होते. ती पट्टी मग शिक्षकांच्या खोलीतही राही, रस्त्यावरही राही, आणि लूम बंद असले तरी खाली येत नसे. शिक्षकांच्या खोलीत गुपित नावाची गोष्ट नव्हती. पाटील सरांनी म्हैस घेतली, ती किती दूध देते आणि विकणाऱ्याने किती सांगितलं होतं, हे चौथीच्या मुलांना माहीत होतं.

पाटील सर वडप्याचे. सहावी त्यांच्याकडे होती. हायवेलगत त्यांची भातशेती होती आणि ते सायकलच्या कॅरिअरला कधी काकड्या, कधी वालाच्या शेंगा बांधून आणत. वैद्य गुरुजी मुख्याध्यापक. मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. कपाटाच्या किल्ल्या त्यांच्या कोटाच्या खिशात असत आणि खडू हवा असेल तर कारण सांगावं लागे. त्यांच्यामागे सेवाज्येष्ठतेने मुख्याध्यापक होणार होत्या त्या सातवीच्या जाधवबाई. त्यांचे वडील भिवंडीतच नगरपालिकेच्या दवाखान्यात होते. घरातून शिकून नोकरीला लागलेली पहिली बाई त्याच, हे त्या सांगत नसत, दुसरे सांगत. उंचीने कमी, इस्त्रीची सुती साडी, हातात घड्याळ, आणि आवाज असा की सातवीत त्यांनी ‘खाली बसा’ म्हटलं की माझ्या पाचवीतली काही मुलं खाली बसत. पहिले पंधरा दिवस मला त्यांची भीती वाटत असे. डबा खाताना मी त्यांच्यापासून लांबच्या खुर्चीवर बसे.

दिवाळीपर्यंत परिस्थिती बदलली होती. ती कशी बदलली ते पुढे येईल. सुट्टीला मी अकलोलीला गेले, पिशवी ठेवली, आणि आईला म्हटलं, पाणी दे. आई हातातलं काम टाकून दारात आली.

“कोणाशी भांडून आलीस का गं?”

“नाही. का?”

“मग ओरडतेस कशाला? मी काय पलीकडच्या आळीत आहे?”

मी ओरडले नव्हते. निदान माझी तशी समजूत होती. त्या चार दिवसांत शेजारच्या दोन बायका येऊन आईला हळूच विचारून गेल्या की नलूचं काही बिनसलंय का.

डिसेंबरात साहेब आले. शाळांच्या तपासणीचं काम त्यांच्याकडे नव्यानेच आलं होतं आणि ते दुसऱ्या जिल्ह्यातून, शांत गावातून, बदलून आले होते. ते न कळवता आले आणि शुक्रवारी आले. गल्लीत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होती, आणि त्या शांततेत आमची शाळा नेहमीप्रमाणे चालू होती. साहेब बराच वेळ व्हरांड्यात उभे राहिले. नंतर गुरुजी, जाधवबाई, पाटील सर आणि मी, आम्ही चौघांनी बसून त्या वेळी कोण काय बोलत होतं याची जुळणी केली. पुढे मी बातमीदार झाले आणि अनेक घटनांची अशी जुळणी करावी लागली, पण ती पहिली. जाधवबाई एका मुलीला कविता म्हणायला लावत होत्या: “पुन्हा. पहिल्यापासून. अडखळलीस तरी चालेल, थांबायचं नाही.” पाटील सर अंगणाच्या एका टोकाहून गुरुजींना सांगत होते की खडूची पेटी संपली, आणि गुरुजी दुसऱ्या टोकाहून म्हणत होते की सोमवारी तर दिली होती. मी पाचवीला श्रुतलेखन घालत होते. ‘आमचे गाव सुंदर आहे’ हे वाक्य होतं.

साहेबांनी चहा घेतला नाही. शेरेबुक मागवलं, उभ्या उभ्या लिहिलं आणि निघून गेले. शेरा असा होता: ‘शाळेतील वातावरण तणावपूर्ण आहे. शिक्षक परस्परांशी चढ्या आवाजात बोलतात. सातवीच्या शिक्षिका विद्यार्थ्यांना धाकात ठेवतात असे दिसले. मुख्याध्यापकांचे व पाचवी ते सातवीच्या शिक्षकांचे शाळेतील वातावरणाविषयी लेखी मत घेऊन या सर्वांनी सुनावणीस हजर राहावे. सदर शिक्षिकेच्या बदलीचा व पदोन्नतीचा विचार त्यानंतर करण्यात येईल.’

गुरुजींनी तो शेरा दोनदा वाचला आणि खुर्चीत बसले. तणावपूर्ण हा शब्द आमच्या गावाबद्दल बाहेरची माणसं फार सहज वापरत. पुढे वर्तमानपत्रात काम करताना कोणाच्याही बातमीत तो दिसला की मी लिहिणाऱ्याला विचारत असे, तिथे कोणता वार होता. तो विनोद आहे असं नव्या पोरांना वाटे.

“एकूण काय,” जाधवबाई म्हणाल्या, “मे महिन्यात तुम्ही घरी आणि मी दुसऱ्या शाळेत.”

“अहो बाई, तसं काही नाही,” गुरुजी म्हणाले. “मतं चांगली गेली की झालं.”

“चांगली म्हंजे?” पाटील सरांनी विचारलं.

“दरवर्षी जातात तशी.”

दरवर्षी असा एक कागद जात असे. त्यात शाळेचं वातावरण ‘समाधानकारक’ आहे असं लिहायचं असे, आणि मागच्या वर्षीच्या कागदावरून ते उतरवून घेत. यावेळी जाधवबाईच म्हणाल्या की तसं नको, साहेब नवे आहेत, चौघांची मतं शब्दाला शब्द एकसारखी दिसली तर त्यांचा संशय पक्का होईल. प्रत्येकाने मनात असेल ते लिहावं. त्यांच्या नोकरीचा प्रश्न होता, त्यामुळे कोणी वाद घातला नाही.

पाटील सरांनी लिहिलं की वातावरण चांगलं आहे, फक्त मागचा नळ गळतो आणि कपाटाची एक जादा किल्ली असावी. गुरुजींनी किल्लीचा मुद्दा वाचला आणि स्वतःच्या कागदावर लिहिलं की वातावरण उत्तम आहे, मात्र खडूचा वापर जपून होत नाही. जाधवबाईंनी दोन ओळी लिहिल्या: ‘मुले शाळेत वेळेवर येतात. शाळा सुटल्यावर लवकर घरी जात नाहीत.’ मी पूर्ण पान लिहिलं. वीस वर्षांच्या माणसाला खरं लिहायला सांगितलं की तो पूर्ण पान लिहितो. त्यात शेवटचं वाक्य असं होतं: ‘पहिले पंधरा दिवस मला जाधवबाईंची भीती वाटत होती.’ मला पुढे लिहायचं होतं, पण पान संपलं, घंटा झाली, आणि गुरुजी कागद गोळा करत दारात उभे होते.

संध्याकाळी गुरुजींनी तो कागद जाधवबाईंपुढे ठेवला. मी समोरच होते. फळा पुसण्याचं फडकं हातात होतं आणि मी ते विनाकारण घडी करत होते.

“हे वाक्य खोडून टाकू या,” गुरुजी म्हणाले. “पोरीला कळलं नाही.”

बाईंनी शेवटपर्यंत वाचलं. “खोटं आहे का गं हे?”

“नाही,” मी म्हणाले.

“मग जाऊ दे तसंच. खोडून दिलं तर शाईखाली काय होतं ते साहेब उन्हात धरून बघतील.” त्यांनी कागद परत दिला आणि पिशवी उचलली. त्या रागावल्या होत्या की नाही ते त्या दिवशी मला समजलं नाही. घरी आत्याने ताटात सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी वाढली होती, आणि माझ्या आवडीचं ते जेवण मी अर्धं टाकलं. आत्या भिंतीपलीकडच्या खडखडाटावरून ओरडून विचारत राहिली की मीठ जास्त झालंय का.

सुनावणी बुधवारी होती. त्याआधी दोन दिवस गुरुजींनी आमची तालीम घेतली. साहेबांसमोर हळू बोलायचं, हा एकच मुद्दा होता.

“हळू म्हंजे किती?” पाटील सर.

“आत्ता बोलताय त्याच्या निम्मं.”

“आत्ता मी निम्मंच बोलतोय.”

“मग त्याच्या निम्मं.”

“त्याच्या निम्मं मलाच ऐकू येनार न्हाय, गुरुजी.”

बुधवारी आम्ही चौघं एका रिक्षात बसून गेलो. पाटील सर पुढे, रिक्षावाल्याच्या शेजारी अर्धे बाहेर. कार्यालय लूमच्या गल्ल्यांपासून लांब, दगडी जुन्या बंगल्यात होतं. आत पंख्याची कुरकुर सोडली तर आवाज नव्हता. साहेबांनी खुर्च्यांकडे बोट दाखवलं, आमचे चार कागद समोर घेतले, आणि गुरुजींना शाळेबद्दल सांगायला सांगितलं. गुरुजींनी तालमीप्रमाणे सुरुवात केली. त्यांचे ओठ हलत होते.

“ऐकू येत नाही,” साहेब म्हणाले.

गुरुजींनी पुन्हा सुरुवात केली.

“अहो, जरा मोठ्यानं बोला.”

तो वरिष्ठांचा आदेश होता आणि गुरुजींची नोकरी बत्तीस वर्षांची होती. त्यांनी आदेश पाळला. “आमच्या शाळेत कोणताही तणाव नाही,” हे वाक्य त्यांनी नेहमीच्या आवाजात उच्चारलं आणि टेबलावरचा कागद साहेबांनी हाताने दाबून धरला. दार उघडून शिपाई आत डोकावला. “साहेब, काय झालं?”

“काही नाही. तू जा.” साहेबांनी माझा कागद उचलला. “राऊतबाई कोण? तुम्ही. तुम्ही लिहिलंय, पहिले पंधरा दिवस मला जाधवबाईंची भीती वाटत होती. तुम्ही शिक्षिका. तुम्हाला भीती वाटते, तर मुलांचं काय होत असेल?”

गुरुजी छताकडे बघत होते. जाधवबाई सरळ बसल्या होत्या, हात पिशवीवर. मी उभी राहिले. हळू बोलायचं हे पाठ केलं होतं. पण मला एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळता आल्या नाहीत, काय बोलायचं आणि किती मोठ्याने.

“पंधरा दिवसांचं लिहिलंय साहेब, सोळाव्याचं राहिलं,” मी म्हणाले. सोळाव्या दिवशी काय झालं ते मग मी सांगितलं. माझा आवाज मागच्या बाकांपर्यंत जात नव्हता, मागची मुलं बाकाखाली गोट्या खेळत होती आणि मी रडायच्या बेतात होते. तेव्हा जाधवबाई आपल्या सातवीला गणितं घालून माझ्या वर्गात आल्या. काही न बोलता शेवटच्या बाकावर मुलांच्या मध्ये जाऊन बसल्या. पाय मावत नव्हते म्हणून आडव्या बसल्या. मी बोललेलं ऐकू आलं नाही की त्या मुलांसारखा हात वर करत. त्या तासात त्यांनी सात वेळा हात वर केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. शेजारच्या मुलाला गंमत वाटली, तोही हात वर करू लागला, मग सगळा बाक. महिनाभर त्या रोज एक तास येत होत्या, आणि ज्या दिवशी एकही हात वर झाला नाही त्या दिवशी उठून गेल्या, परत आल्या नाहीत. “त्यांनी मला एका शब्दाने शिकवलं नाही, साहेब. नुसत्या ऐकत बसल्या.”

साहेब खुर्चीत मागे सरकले होते. शिपाई पुन्हा दारात उभा होता.

“तुम्हाला राग आलाय का?” साहेबांनी मला विचारलं.

“नाही साहेब.”

“मग ओरडताय का?”

“मी ओरडत नाही.”

“ती ओरडत नाही, साहेब,” गुरुजी, पाटील सर आणि जाधवबाई एकदम म्हणाले. बंगल्याच्या मागच्या खोलीतला टाइपरायटर थांबला.

शिपाई भिवंडीचाच होता. तो न विचारता बोलला. “साहेब, ही लूमकडची मानसं. ही अशीच बोलतात. आमच्या घरी बी असंच हाय. तुमी शुक्रवारी गेलता न्हवं?”

साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग माझ्या कागदाकडे. “शुक्रवारी काय असतं?” त्यांनी विचारलं. पाटील सरांनी ते समजावून सांगितलं. त्यांना कोणी निम्मं बोलायला सांगितलं नाही.

 परत येताना रिक्षात पुलाजवळ जाधवबाई म्हणाल्या, “सोळाव्या दिवसाचं दोन ओळींत लिहिता आलं असतं की गं. मागचं पान कोरंच होतं.” संपादकाने दिलेली सूचना म्हणून मी ती अजून मोजते. मला मिळालेली पहिली, आणि बरोबर.

लिहिलेला शेरा खोडता येत नाही, दुसरा लिहावा लागतो. त्यासाठी साहेब सोमवारी आले. लूम भरात होते. ते सातवीच्या वर्गात मागे जाऊन उभे राहिले आणि जाधवबाईंना त्यांनी काहीतरी विचारलं. बाईंनी कानामागे हात धरला. साहेबांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्या वेळी त्यांनी गळ्याच्या शिरा ताणून विचारलं की हा धडा कितवा. मुलांनी वर पाहिलं नाही. त्यांच्या दृष्टीने साहेब पहिल्यांदाच नीट बोलत होते. मग त्यांनी शेवटच्या बाकावरच्या मुलीला फळ्यावरचं गणित तोंडी विचारलं, आणि तिने उभं राहून असं उत्तर दिलं की साहेब एक पाऊल मागे झाले. यावेळी त्यांनी चहा घेतला, दोन कप. शेरा एका ओळीचा होता: ‘सातवीच्या शिक्षिकेचे शिकवणे शेवटच्या बाकापर्यंत पोचते, मागील शेऱ्यातील बदलीचा विचार रद्द करत आहे.’ गळक्या नळाबद्दल आणि किल्लीबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही. पाटील सरांना ते लागलं.

गुरुजी मे महिन्यात निवृत्त झाले. जाताना किल्ल्यांचा जुडगा त्यांनी जाधवबाईंच्या हातात दिला आणि खडूचं पुन्हा एकदा सांगितलं. जूनमध्ये बाई मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसल्या. त्यांनी पहिल्याच महिन्यात एक पद्धत सुरू केली: शाळेत नवीन येणाऱ्या शिक्षकाला पंधरा दिवसांनी एक कोरा कागद द्यायचा, शाळेचं वातावरण कसं वाटतं ते लिहायला सांगायचं, नाव घालायचं नाही, आणि कागद पुरला नाही तर दुसरा मागायचा. त्या वर्षी दोघे नवे आले होते, एक मुलगा शहापूरकडचा आणि एक मुलगी वाड्याकडची. जुलैच्या सुरुवातीला मधल्या सुट्टीत बाईंनी मला खुर्चीजवळ बोलावलं आणि एक कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की शाळा चांगली आहे, मुलं चांगली आहेत, फक्त पाचवीच्या राऊतबाई सारख्या ओरडत असतात आणि त्यांच्याशी बोलायची भीती वाटते.

पाटील सर माझ्या खांद्यावरून वाचत होते. त्यांनी पेला खाली ठेवला, कारण हसताना चहा सांडत होता.

“बोल,” जाधवबाई म्हणाल्या. “तुझी बदली करू?”

हे दोघांपैकी कोणी लिहिलं ते मी विचारलं. अक्षर मुद्दाम वळवलेलं होतं आणि मला ओळखता येत नव्हतं. बाईंनी कागदाची घडी करून ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर लावून घेतला. मी ती शाळा सोडून वर्तमानपत्रात गेले तोपर्यंत मी त्यांना कितीतरी वेळा विचारलं, त्यांनी ते नाव सांगितलं नाही. त्यामुळे मला दोघांशीही नीट वागावं लागलं.